दोन डगरींवर पाय? परराष्ट्र धोरणावर वाचकांचे प्रश्न

रशियाचं तेल, अमेरिकेचं इंजिन, चीनचं चुंबक. भारताच्या परराष्ट्र धोरणाविषयी यंदा आलेली बहुतेक पत्रं या तीन वस्तूंभोवती फिरतात. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

रशियाकडून एवढं तेल घेतो, तर पैसे रुपयांत का देत नाही? रिझर्व्ह बँकेने तशी सोय केल्याचं वाचलं होतं. (बँक कर्मचारी, कल्याण)

सोय आहे आणि कागदावर ती चोख आहे. ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकानुसार परदेशी बँक भारतातल्या अधिकृत बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडते. तेल आणणारी भारतीय कंपनी बिलाचे रुपये त्या खात्यात भरते आणि रशियाला औषधं, चहा किंवा यंत्रं पाठवणाऱ्या आपल्या निर्यातदाराला त्याच खात्यातून पैसे मिळतात. सुरुवातीला अशा प्रत्येक खात्याला रिझर्व्ह बँकेची आगाऊ मंजुरी लागत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती अट गेली. खात्यात उरलेली रक्कम ट्रेझरी बिलांत आणि सरकारी रोख्यांत गुंतवायलाही मुभा आहे.

घोडं अडतं ते आकड्यांत. २०२४-२५ मध्ये आपण रशियाकडून सुमारे ६३.८ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला फक्त ४.९ अब्ज डॉलरचा. सगळा व्यवहार रुपयांत केला, तर खात्यात येणाऱ्या दर तेरा रुपयांतला एकच भारतीय मालावर खर्च होईल. बाकीच्या बारांचं रशियन कंपनीने करायचं काय? मॉस्कोत त्यातून पगार होत नाहीत आणि तिसऱ्या देशात ते चालत नाहीत. शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी मे २०२३ मध्ये गोव्यात बाणावलीला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी हे जाहीरपणे सांगितलं होतं: भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचलेत, ते दुसऱ्या चलनात बदलल्याशिवाय वापरता येत नाहीत.

म्हणून बरीच बिलं दिरहममध्ये चुकती होऊ लागली, काही युआनमध्ये. पण दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. डॉलर टाळायचा म्हणून डॉलरच्याच सावलीत उभं राहायचं, असा हा प्रकार. शिवाय डिसेंबर २०२३ च्या आदेशाने अमेरिकेने परदेशी बँकांवरही कारवाईचा अधिकार घेतला, तेव्हापासून दुबईच्या बँकाही कागद दोनदा तपासतात.

तुम्ही बँकेत आहात म्हणून थोडं खोलात सांगतो. या व्यवहारात बीजक, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), मालाच्या उगमाचा दाखला, विम्याचा कागद आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, पाहिला जातो. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. जुनी टँकरं नाव बदलतात, झेंडा बदलतात, मालक बदलतात. सात आकडी आयएमओ क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. निर्बंध-यादीशी जुळवायचा तो. तेल बहुधा ‘डिलिव्हर्ड’ बोलीवर घेतलं जातं, म्हणजे जहाज आणि विमा विक्रेत्याच्या गळ्यात. ५ डिसेंबर २०२२ पासून पाश्चात्त्य देशांनी पिंपाला ६० डॉलरची कमाल किंमत लावली आणि त्यापेक्षा महाग तेलाला त्यांच्या विमा कंपन्यांनी संरक्षण द्यायचं नाही, असं ठरवलं. डिलिव्हर्ड बोलीमुळे ती डोकेदुखी विक्रेत्याकडे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र अमेरिकेने रॉसनेफ्ट आणि लुकऑइल या विक्रेत्यांनाच यादीत टाकलं. तिथे ही युक्ती उपयोगी नाही. विकणाराच यादीत असेल, तर बिल दिरहममध्ये काढून काय साधणार?

एक गोष्ट चर्चेत क्वचित येते. स्वस्त तेलाचा थेट फायदा तेलशुद्धीकरण कंपन्यांच्या ताळेबंदात दिसला. त्याच तेलाचं कारण देऊन अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून जादा २५ टक्के आयातशुल्क लावलं, एकूण ५० टक्के. ते बसलं आंध्रच्या कोळंबीवर, तिरुपूरच्या कपड्यांवर, अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांवर. औषधं आणि मोबाइल फोन वगळले होते. नफा एकाच्या खिशात आणि दंड दुसऱ्याच्या, याचा हिशेब सरकारने आधी मांडून ठेवायला हवा होता, असं आमचं मत आहे.

एस-४०० घेतल्याबद्दल तुर्कस्तानवर निर्बंध आले. आपल्यावर का नाहीत? सूट मिळाली का? (नागपूर)

एस-४०० ही रशियन हवाई संरक्षण क्षेपणास्त्र प्रणाली. ती घेतल्याबद्दल लेखी सूट मिळालेली नाही. अमेरिकेच्या २०१७ च्या ‘काट्सा’ कायद्याचं कलम २३१ सांगतं की रशियाच्या संरक्षण क्षेत्राशी मोठा व्यवहार करणाऱ्यावर बारा प्रकारच्या निर्बंधांपैकी किमान पाच लावावेत. भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच रेजिमेंटचा, सुमारे ५.४ अब्ज डॉलरचा करार केला. त्याच्या थोडंच आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, चीनच्या लष्करी खरेदी विभागावर याच कलमाखाली कारवाई झाली होती. तुर्कस्तानची संरक्षण उद्योग संस्था डिसेंबर २०२० मध्ये सापडली.

फरक दोन. तुर्कस्तान नाटोचा सदस्य आहे आणि अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या प्रकल्पात भागीदार होता. एस-४०० चं रडार त्याच विमानांचा माग काढायला शिकेल, ही अमेरिकेची धास्ती होती. आपल्याकडे एफ-३५ नव्हतंच. दुसरं, चीनच्या बाजूला वजन टाकणारा देश दुखावणं वॉशिंग्टनला परवडत नव्हतं. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने भारताला सूट द्यावी अशी दुरुस्ती मंजूर केली, पण ती कायद्यात उतरली नाही. म्हणजे टांगती तलवार उतरवलेली नाही, फक्त कोणी दोरी कापलेली नाही. आणि एस-४०० मिळायला उशीर झाला तो अमेरिकेमुळे नव्हे: युक्रेन युद्धात रशियाला स्वतःलाच सामग्री लागू लागली, पैसे पाठवण्याचे मार्ग अडखळले आणि तीन रेजिमेंटनंतरच्या दोन मागे पडल्या.

ओझरला तयार झालेलं तेजस ‘स्वदेशी’ म्हणायचं, मग अमेरिकेने इंजिनं दिली नाहीत म्हणून ते अडतं कसं? (नाशिक)

तुमच्याजवळचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हा कारखाना म्हणजे आपल्या परराष्ट्र धोरणाचा इतिहासच. १९६४ मध्ये तो मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. पुढे मिग-२७, मग सुखोई-३०, सगळी रशियन परवान्यावर. तिथेच तेजसच्या मार्क-१ए या सुधारित आवृत्तीची तिसरी उत्पादनरेषा सुरू झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमधलं पहिलं मार्क-१ए उडालं. या रेषेची क्षमता वर्षाला आठ विमानं.

आता विमान उघडून पाहू. सांगाडा, पंखांचं कार्बन कॉम्पोझिट, उड्डाण नियंत्रणाची संगणकप्रणाली आपली. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ४०४-आयएन२०. वैमानिकाची बाहेर फेकणारी खुर्ची ब्रिटनच्या मार्टिन-बेकरची. पहिल्या तुकडीचं रडार इस्रायलचं. रशियन परवान्यावर बांधण्याची सवय असलेल्या हातांनी जोडलेलं हे विमान आहे. स्वदेशी म्हणायला हरकत नाही, पण जोड तुटू शकतात अशा जागा त्यात तीन-चार आहेत आणि सर्वांत नाजूक जागा इंजिनाची.

हवाई दलाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए मागवली, सुमारे ४८ हजार कोटींची. त्याच वर्षी ९९ इंजिनांचा करार झाला. त्यातलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. आधीची मागणी पूर्ण झाल्यावर जीईने या प्रकाराची उत्पादनरेषा बंद केली होती. ती पुन्हा चालू करायची तर पुरवठादार नव्याने जुळवावे लागतात, प्रत्येक सुटा भाग पुन्हा प्रमाणित करावा लागतो. त्यात कोविडनंतरचा तुटवडा. यात राजकारण शोधणाऱ्यांना सांगायला हवं की हा उशीर मुख्यतः कारखान्यातला होता. राजकारणाचा फटका बसला तो मे १९९८ मध्ये. पोखरणनंतर अमेरिकेने उड्डाण नियंत्रण प्रणालीवरचं सहकार्य एका झटक्यात थांबवलं आणि तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परतावं लागलं. ते काम बंगळुरूत पूर्ण झालं आणि जानेवारी २००१ मध्ये पहिलं उड्डाण झालं. आज तीच प्रणाली विमानाचा सर्वांत भरवशाचा भाग मानली जाते.

मग इंजिन का नाही जमलं? स्वदेशी इंजिनाचा कावेरी प्रकल्प १९८० च्या दशकापासून चालू आहे. अडचण टर्बाइनच्या पात्यांची. धातू वितळण्याच्या तापमानाहून गरम वायूत ते पातं फिरत राहायला हवं. त्यासाठी ते एकाच स्फटिकाचं ओतावं लागतं आणि आतून केसाएवढे थंड हवेचे मार्ग ठेवावे लागतात. ही ओतकामाची कला कोणी करारात सहज देत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढच्या ९७ विमानांसाठी आणखी ११३ इंजिनांचा करार जीईशीच झाला. आयात शुल्कावरून वाद भडकलेला असतानाच. कोणाशी किती भांडायचं, हे अशा करारांनी ठरतं.

अलिप्ततावाद सोडला का आपण? (सांगली)

नाव मागे पडलं, सवय नाही. आणि जुनं अलिप्तपणही तेवढं सोवळं नव्हतं: ९ ऑगस्ट १९७१ च्या सोव्हिएत करारातलं नववं कलम हल्ल्याचा धोका आल्यास तातडीने सल्लामसलत करायला सांगत होतं. तेव्हा दोघांपासून अंतर ठेवून मधूनच एकाकडे सरकायचो. आता सगळ्यांकडे एकेका कामापुरतं जातो.

क्वाडमध्येही आणि शांघाय सहकार्य संघटनेतही भारत आहे. परीक्षेत याचं विश्लेषण कसं लिहावं? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

क्वाडमध्ये आपल्यासोबत अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया, तर शांघाय संघटनेत चीन आणि रशिया. तरी ‘समतोल’ हा शब्द वापरून मोकळे होऊ नका. परीक्षक तो दिवसातून शंभरदा वाचतो. संयुक्त निवेदनं वाचा आणि गेल्या वर्षीच्या निवेदनाशेजारी ठेवा. काय आलं, काय गेलं, कोणाचं नाव नाही, हे शोधा.

शांघाय संघटनेच्या घोषणापत्रात ‘बेल्ट अँड रोड’ या चीनच्या रस्ते-बंदरांच्या योजनेचा परिच्छेद काढा. त्याला पाठिंबा देणाऱ्या देशांची नावं तिथे एकेक करून दिलेली असतात आणि त्यांत भारत नसतो. कारण या योजनेतला एक मार्ग पाकव्याप्त काश्मीरमधून जातो. भारत बैठकीला जातो, सही करतो, पण त्या ओळीत बसत नाही. जून २०२५ मध्ये चिंगदाओला तेवढंही जमलं नाही: पहलगामचा उल्लेख नाही म्हणून संरक्षणमंत्र्यांनी सही नाकारली आणि संयुक्त निवेदनच निघालं नाही. दोनच महिन्यांनी तियानजिनच्या घोषणापत्रात पहलगामचा निषेध आला. या दोन तारखांमधल्या वाटाघाटी हेच तुमचं उत्तर.

तसंच जी-२०. बाली, २०२२: रशियाच्या आक्रमणाचा नावानिशी उल्लेख. दिल्ली, २०२३: तो गेला. मतदानातही शब्द जपून वापरा. २ मार्च २०२२ रोजी महासभेत रशियाविरोधी ठराव १४१ विरुद्ध ५ असा मंजूर झाला, ३५ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत आणि चीन दोघेही. तटस्थ राहणं म्हणजे गैरहजेरी नव्हे. मतानंतर प्रतिनिधी कारण सांगणारं निवेदन करतो आणि खरी भूमिका त्यात असते. क्वाडला करार नाही, सचिवालय नाही, एकाच्या बाजूने लढायचं बंधन नाही. लष्करी जवळीक मोजायची तर २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये अमेरिकेशी झालेले तीन करार पाहा: इंधन-रसद, सुरक्षित दूरसंचार आणि उपग्रह-नकाशे.

चीनने चुंबकं अडवल्यावर आमचं काम थांबलं. हे परवाने नेमके कसे चालतात? (मोटरचे सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक, चाकण)

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. तुमच्या कामाचे त्यातले दोन, डिस्प्रोशियम आणि टर्बियम. साधं निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे दुबळं पडू लागतं. गाडीच्या मोटरमध्ये १५० अंश गाठावे लागतात, म्हणून ही भर.

कागद असा फिरतो: तुम्ही अंतिम वापराचं प्रमाणपत्र भरायचं, शस्त्रांसाठी वापर नाही आणि माल तिसऱ्या देशात जाणार नाही, असं लिहून द्यायचं. त्यावर आपल्या सरकारची मोहोर, मग दिल्लीतला चिनी दूतावास, मग तो कागद चिनी पुरवठादाराकडे आणि तिथून बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयात. त्यांची मुदत ४५ कामाच्या दिवसांची, म्हणजे धरून चाला दोन महिने. अर्ज परततो तो बहुधा ‘वापर: ऑटोमोबाइल’ असं मोघम लिहिल्यामुळे. मोटरचा प्रकार, तिची शक्ती आणि ती कोणत्या गाडीत जाणार, हे लिहा.

फेराइट चुंबक वापरून पाहा असं सांगणारे भेटतील. त्याची ताकद निओडिमियमच्या सुमारे दहावा भाग. त्याच जोराची मोटर मोठी आणि जड होते, स्कूटरच्या चाकात मावत नाही. वायपर, पंप, पंखा यांत चालेल. जड धातू न वापरता थंड करण्याची व्यवस्था सुधारणं, हा मधला मार्ग काही कंपन्यांनी धरला आहे.

केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या वाळूत मोनाझाइट हे दुर्मीळ मृदा धातूंचं खनिज आहे, तरी आपली साखळी मुख्यतः ऑक्साइडपाशी तुटते. धातू, मिश्रधातू आणि भट्टीतलं चुंबक हे पुढचे टप्पे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६ हजार टन चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. त्यातलं पहिलं चुंबक हाती यायला काही वर्षं जातील. तोवर सहा महिन्यांचा साठा धरूनच ऑर्डर घ्या.