हिलक्रेस्ट क्लब काढावा का लागला?

हॉलिवूडचे स्टुडिओ ज्यूंच्या हातात होते, पैसा होता, मग लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी हिलक्रेस्ट हा स्वतंत्र कंट्री क्लब (गोल्फचं मैदान असलेला, फक्त सभासदांसाठीचा क्लब) कशाला काढला, हा वेगळेपणा त्यांनीच ओढवून घेतला नाही का, असं विचारलं आहे. अजिबात नाही. आधी काय घडलं आणि मागाहून काय, एवढं पाहिलं तरी पुरे.

एकोणिसाव्या शतकात शहर लहान होतं आणि तिथले ज्यू व्यापारी सगळ्यांत मिसळलेले होते. १८८० साली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया सुरू झाली. तिला जमीन देणारे तिघे होते: एक प्रोटेस्टंट, एक कॅथलिक आणि एक ज्यू, बँकर आयझायस हेलमन. पुढे शहर झपाट्याने वाढलं, श्रीमंतांची नवी वस्ती झाली, आणि ज्या उच्चभ्रू वर्तुळांत हेलमनसारखे लोक सहज वावरत होते तिथली दारं ज्यूंना बंद होत गेली. लॉस एंजेलिस कंट्री क्लब तर सिनेमावाल्यांनाही उभं करत नसे.

म्हणून १९२० साली हिलक्रेस्ट निघाला, पिको बुलेव्हार्डला लागून. समोर आज फॉक्सचा स्टुडिओ आहे. नऊच वर्षांत तिथे पीजीए चॅम्पियनशिप ही गोल्फची मोठी स्पर्धा भरली, लिओ डीगल जिंकला. मैदान कुणापेक्षा कमी नव्हतं.

आता एक गोष्ट झाकून ठेवू नये. सुरुवातीचे सभासद म्हणजे शहरातले जुने, बहुतेक जर्मन वंशाचे ज्यू. पूर्व युरोपातून आलेल्या, सिनेमात पैसा केलेल्या ज्यूंना त्यांनी आधी लांबच ठेवलं. १९३०च्या दशकातल्या महामंदीत क्लबला पैशाची चणचण भासली तेव्हा सिनेमावाले आत आले. मग जॅक बेनी, जॉर्ज बर्न्स, ग्राउचो मार्क्स या विनोदी नटांचं जेवणाचं गोल टेबल प्रसिद्ध झालं. (‘मला सभासद करून घेईल असा क्लब मला नको’ हे ग्राउचोचं वाक्य हिलक्रेस्टच्या नावावर खपवलं जातं, ते फ्रायर्स क्लब या कलावंतांच्या क्लबच्या राजीनाम्याशी जोडलेलं आहे.)

मला सर्वांत मोलाची वाटते ती इथली दानाची अट. प्रवेशशुल्क भरून भागत नसे. माणूस ज्यू समाजाच्या निधीला, धर्मादाय कामांना किती देतो हे पाहिलं जाई. १९५०च्या दशकात क्लबच्या जमिनीखाली तेल लागलं आणि सभासदांना त्याचा वाटा मिळू लागला, तरी ही अपेक्षा कायम राहिली. बिगर-ज्यूंनाही प्रवेश मिळाला: लेबनीज कॅथलिक विनोदी नट डॅनी थॉमस त्यांतले पहिले मानले जातात.

हे सगळं फार जुनं झालं असं वाटत असेल, तर १९९० आठवा. कॅन्सस सिटी कंट्री क्लबने एच अँड आर ब्लॉक या कर-विवरणपत्रं भरून देणाऱ्या कंपनीचे ज्यू सहसंस्थापक हेन्री ब्लॉक यांना सभासदत्व नाकारलं, आणि त्याच्या निषेधार्थ गोल्फपटू टॉम वॉटसन यांनी त्या क्लबचा राजीनामा दिला.