प्रकाशचा पक्या कसा होतो?

प्रश्न : आमच्या वऱ्हाडातल्या गावात प्रकाशला पक्या आणि गणेशला गन्या म्हणतात. प्रकाशमधला 'र' कुठे जातो? आणि ही नावं लाडाची की हेटाळणीची?

लाडाचं नाव घडतं ते हाक मारायला, म्हणून नावाचा पुढचाच भाग उचलला जातो : पहिलं अक्षर आणि त्यापुढचं व्यंजन, बस. सुरुवातीला जोडाक्षर असलं तर त्यातला 'र' गळतो. प्रकाशचे प आणि क उरले, 'या' लागला, पक्या झाला. प्रमोदचा पम्या, प्रशांतचा पश्याही तसाच. अनुस्वार मात्र टिकतो : मंगेशचा मंग्या, संतोषचा संत्या.

वऱ्हाडात नाव तुटण्याआधी बोलीत उतरतं, हे महत्त्वाचं. 'ण'चा 'न' होतो, म्हणून गन्या. विठ्ठलचा आधी इठ्ठल, मग इठ्या किंवा इठू. कृष्णाचा किसन, मग अख्ख्या किसनलाच 'या' लागून किसन्या. मूळ नावाला नुसता 'या' लावून 'कृष्ण्या' अशी हाक मारली तर कोणी ओ देणार नाही. मुलींच्या नावाला 'ई' किंवा 'ऊ' लागतो : शकुंतलाची शकी, शकू. हाकेत शकीचं 'ए शके' होतं. गन्या मात्र बदलत नाही : 'ए गन्या', 'गन्याले आवाज दे'.

लाड की हेटाळणी हे म्हणणाऱ्यावर ठरतं. माय, आजी, बरोबरीचे दोस्त यांच्या तोंडी 'या'त मायाच असते. वयानं लहान असलेल्यानं तोच लावला तर अपमान होतो. यावलीच्या माणिकला 'तुकड्या' म्हणणारे त्याचे गुरू आडकोजी महाराज होते. लोकांनी आदरानं त्या तुकड्याचंच तुकडोजी महाराज केलं. 'ऊ' मवाळ असतो, त्यामुळे मोठेपणीही चालतो : गनूचा गनूभाऊ होतो. सासुरवाडीत मात्र गणेशरावच.

कवडू, दगडू, उकंडा यांना लाडाची नावं समजू नये. आधीची लेकरं दगावली की पुढचं जगावं म्हणून ठेवलेली ही मुद्दाम हलकी नावं. त्यांची लाडाची रूपं पुन्हा वेगळी, कवड्या, दगड्या.

गुड्डू, छोटू, बबलू यांचं मूळ हिंदीच्या शेजारात आहे. 1956 पर्यंत विदर्भ हिंदी मुलखासोबत एकाच प्रांतात होता. ही नावं पाळण्यातल्या नावावरून निघत नाहीत, तेव्हा लग्नपत्रिकेत गुड्डूचं खरं नाव घरच्यांना विचारूनच छापावं.