चिनी चित्रकार आणि सुलेखनकार झाओ मंगफू (१२५४–१३२२) यांच्या चित्रशैलीवर सगळ्यात जास्त प्रभाव कोणाचा?

निसर्गचित्रांत दहाव्या शतकातला चित्रकार दोंग युआन याचा, आणि त्याच्याही खाली पाया सुलेखनाचा. १२९६ च्या सुरुवातीचं ‘च्वे आणि ह्वा डोंगरांवरचे शरदरंग’ (आता तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात) पाहा. डोंगरउतार आणि जमीन तागाच्या धाग्यांसारख्या लांब, सैल रेघांनी उभी केली आहे; ही दोंग युआनची पद्धत. झाडं, घरं, डोंगर यांची मापं जुळत नाहीत ती चूक म्हणून नव्हे, मुद्दाम जुन्या वळणाने. दक्षिण सोंग (मंगोलांच्या आधीचं दक्षिण चीनमधलं राजघराणं) दरबाराची धुक्यातली नजाकत त्यांना नको होती. मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या चाकरीत उत्तरेला गेल्यावर तिथली जुनी चित्रं पाहायला मिळाली, हा मोठाच लाभ.

सुलेखनाबद्दल तर त्यांनी एका चित्रावर कवितेतच लिहून ठेवलंय: खडक ‘उडत्या पांढऱ्या’ रेघेने, झाडं मुद्रालिपीच्या (शिक्क्यांवर दिसणाऱ्या प्राचीन चिनी लिपीच्या) फटकाऱ्याने काढावीत. ‘उडती पांढरी’ म्हणजे कमी शाईचा कुंचला झपकन ओढायचा, मधूनमधून कोरा कागद दिसतो. शाई जास्त झाली की फटी बुजतात आणि खडकाचा नुसता डाग होतो. हात चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीझी याच्या अक्षरांवर घोटलेला असल्याशिवाय हे जमत नाही.

मात्र हे सगळं घोड्यांच्या चित्रांना लावू नका. तिथे आदर्श तांग काळातले (सातवं ते दहावं शतक) चित्रकार आणि अकराव्या शतकातला चित्रकार ली गोंगलिन. रेघ बारीक, आखीव.