अमेरिकेत ऑरलँडोच्या डिस्कव्हरी कोव्हला (पाण्यात उतरून मासे-डॉल्फिन जवळून अनुभवायचं पार्क) सासू-सासरे आणि ७ वर्षांच्या मुलीला घेऊन जावं का? कुणालाच पोहता येत नाही, पैसे वसूल होतील का?

पोहता येत नाही याची काळजी सोडा. आम्ही बडोद्याहून पाच जण गेलो होतो, त्यांत पोहणारा एकटा माझा नवरा. तिथे वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सूट) किंवा तरंगवणारं जॅकेट घातल्याशिवाय कुणालाच पाण्यात सोडत नाहीत, आणि काठाकाठाने आरामात उभं राहता येतं. विचार करायचाच असेल तर एवढाच करा, की सासू-सासरे पाण्यात उतरणार आहेत का?

कारण हे डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या सीवर्ल्डवाल्यांचंच पार्क असलं तरी इथे बाकावर बसून बघायचे खेळ नाहीत. २००० साली सुरू झालं तेव्हापासून दिवसाला मोजकीच माणसं आत घेतात, साधारण १,३००. त्यामुळे बुकिंग आधीच करावं लागतं आणि दर तारखेप्रमाणे बदलतो. नाश्ता, जेवण, दिवसभराचं खाणं-पिणं (बिअरसुद्धा), टॉवेल, लॉकर, मास्क, स्नॉर्केल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी), पार्किंग सगळं तिकिटातच. पण जो काठावर बसून राहील त्याच्या वाट्याला फक्त हे खाणंच येणार. आमच्या सासऱ्यांनी तेच केलं. "तिकिटात आहे ना?" असं विचारून तिसरं आइस्क्रीम घेतलं आणि खुर्चीवर डुलकी काढली. आपल्यासारख्या शाकाहाऱ्यांना सॅलड, फ्राइज, फळं मिळतात. जिभेला फोडणी हवी असेल तर ती रात्री घरी.

खरी मजा ग्रँड रीफ नावाच्या मोठ्या कृत्रिम तळ्यात. रंगीत मासे आणि स्टिंग रे (शेपटीला काटा असलेले चपटे मासे) अगदी पायाशी फिरतात. रेचे विषारी काटे छाटलेले असतात आणि शार्क काचेपलीकडे. हे मी माझ्या मुलीला दहादा सांगितलं, पण ती रोज शाळेला जाताना काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी शोधणारी पोर. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्तीत आल्या होत्या, तेव्हापासून आमच्या घरात एकच शिकवण: पाण्यात काही हललं की मागे सरकायचं. आणि इथे आई म्हणतेय, हात लाव! पहिला अर्धा तास ती गुडघाभर पाण्यात माझा दंड घट्ट धरून उभी होती. तुमची मुलगीही अशी बिचकली तर ओढू नका, तिथे घाई करायला मागे रांग नसते.

तिची भीती मोडली ती आजीने. सासूबाईंना वेटसूटमध्ये कोंबताना मी आणि नणंद घामाघूम झालो होतो, पण एकदा पाण्यात उतरल्यावर त्या बाहेर यायलाच तयार होईनात. एक मोठा रे त्यांच्या हाताखालून गेला आणि त्या ओरडल्या, "अगं, तेलाचा हात लावलेला कणकेचा गोळा आहे नुसता!" मग नातीनेही बोट लावलं. रीफचं पाणी जरा गार असतं. अंग काकडलं की विंड-अवे रिव्हर या कृत्रिम नदीत जा, तिचं पाणी कोमट आहे आणि वाहत वाहत धबधब्याखालून थेट पक्ष्यांच्या जाळीघरात नेतं. तिथे इवलेसे पक्षी हातावर बसून दाणे खातात. सासूबाईंनी ती फेरी किती वेळा मारली ते मोजायचं आम्ही सोडून दिलं.

आता डॉल्फिन. त्याचे पैसे वेगळे, वय ६ पूर्ण हवं, म्हणजे तुमच्या मुलीला चालेल. वेळ साधारण अर्धा तास आणि तोही गटात, त्यामुळे हाताळणं, खुणा करणं आणि फोटो यांतच बराचसा जातो. दागिने काढायला लावतात. मी मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये ठेवलं, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बघितलं. मुलीला प्रचंड आवडलं, हे खरं. मी मात्र पुन्हा पैसे भरणार नाही. आमचा गट बाहेर आला, पुढचा आत गेला, आणि त्याच डॉल्फिनने त्यांच्याकडे बघून तस्साच पर हलवला, तेव्हा मला कसंतरीच झालं. आपल्याकडे २०१३ मध्ये केंद्राने डॉल्फिनचे असे खेळ उभारायला मनाई केली, तेव्हा बातमी वाचून मी पान उलटलं होतं. त्या दिवशी तिचा अर्थ कळला. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण डॉल्फिन वगळलात तरी दिवस भरगच्च जातो आणि खर्चही बराच उतरतो. पाण्याखाली हेल्मेट घालून चालायचा प्रकारही आहे, पण त्याला वय १० पूर्ण लागतं, म्हणजे तुमच्या मुलीसाठी तो प्रश्नच नाही.

घरचं सनस्क्रीन न्यायची गरज नाही. प्राण्यांना चालेल असंच ते तिथे देतात आणि तेवढंच लावू देतात. कोरडे कपडे मात्र प्रत्येकाचे घ्या, सासऱ्यांचेही.

आणि बुकिंगआधी दोघांना सरळ विचारा, पाण्यात उतराल का म्हणून. सासूबाई झटकन "छे, मी नाही बाई" म्हणाल्या तर त्यांचं तिकीट रद्द करू नका. आमच्याही तसंच म्हणाल्या होत्या. "हो, हो, उतरू की" म्हणाले होते ते सासरे.