मांजराचं पिल्लू पुढे माणसांना घाबरू नये म्हणून काय करावं?

तुमचं पिल्लू दीड महिन्याचं आहे आणि बेल वाजली की कपाटामागे पळतं, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक सांगा, एवढंसं पिल्लू आईपासून तोडलंत कशाला? निदान दोन महिने, जमल्यास तीन, आईजवळ राहू द्यायचं असतं. आता आणलंयच, तर दिवस फुकट घालवू नका. माणूस म्हणजे आपलाच, हे पिल्लाच्या डोक्यात बसतं ते दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्यानंतरही शिकतात, पण आपला जीव जातो.

२०११ साली लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, टीव्हीच्या खोक्यात एक भाटी व्याली. दोन पिल्लं, भुरी आणि काळू. डोळे उघडल्यावर चार-पाच दिवसांनी मी त्यांना रोज थोडा थोडा वेळ हातात घ्यायला लागले. आईपुढे मांदेली टाकली की तिची काही तक्रार नसे. एकाच माणसाने हाताळलेलं पिल्लू त्या एकाचंच होतं, म्हणून मी अख्खा मजला कामाला लावला. समोरच्या काकू, शाळेतली पोरं, रात्रपाळीहून येणारे दाढीवाले काका, सगळे. मुकाट मांडीवर घ्यायचं, उतरू पाहिलं की सोडायचं, एवढाच नियम.

दोन महिन्यांची झाल्यावर भुरी आमच्याकडे राहिली आणि काळूला आप्पा, माझा थोरला भाऊ, मुलुंडला घेऊन गेला.

आता ऐका. कोणी घरी आलं की आप्पा दिवाणाखाली हात घालून काळूला मानगुटीला धरून ओढायचा आणि पाहुण्याच्या मांडीवर ठेवायचा. का, तर "धीट व्हायला पाहिजे". पोराला विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात, तेच डोकं. महिन्याभरात काळू चपलांच्या आवाजानेही फिस्कारायला लागला. वहिनीने दिवाणाखाली खोकं ठेवलं होतं, तेही आप्पाने फेकलं, "लपायची सवय लागते" म्हणून! अहो, लपायला जागा असली तरच मांजर बाहेर येतं. इकडे भुरी गणपतीत ढोल वाजले की मोरीत जायची आणि ढोल थांबले की पुन्हा पाहुण्यांच्या पायात. तिला मोरीतून कोणी कधी ओढलं नाही.

तेव्हा तुमच्या पिल्लाला कपाटामागून काढू नका. पाहुण्याला सांगा, जमिनीवर बस, त्याच्याकडे टक लावून बघू नकोस, नजर गेलीच तर डोळे सावकाश मिटून उघड. शेजारी सुकटीचे चार दाणे ठेवा. ते येईल, हुंगेल, जाईल. गेलं तर जाऊ द्या. हाताशी कुस्ती खेळायची सवयही लावू नका, मोठं झाल्यावर तोच हात चावतं.

आप्पाचं म्हणणं आजही तेच, "काळू जन्मजात भित्रा होता, मांजराची जातच स्वार्थी." दर भाऊबीजेला हा वाद होतो. मी म्हणते, तुझ्या हातांनी भित्रा केलास. एकाच आईची, एकाच खोक्यातली, एकाच मजल्याने हाताळलेली पिल्लं. फरक फक्त आप्पाचा!

एक राहिलंच. आधी धीट असलेलं मांजर अचानक लपायला लागलं तर ते दुखणंही असू शकतं. तेव्हा माझी उत्तरं वाचत बसू नका, डॉक्टरकडे न्या. दिवाळीच्या फटाक्यांचंही वेगळं असतं, खिडक्या लावा आणि त्याला त्याच्या कोपऱ्यात राहू द्या.

आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर आणखी एक. पिल्लांचा धीटपणा थोडाफार बापाकडूनही येतो, बापाने त्यांचं तोंड कधी पाहिलेलं नसलं तरी. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात, हेही खरं. चाळीत तेव्हा दोन बोके फिरायचे. एक मासळीवालीच्या पाटीला नाक लावून बसणारा निलाजरा भुरा, दुसरा स्वतःच्या सावलीला बुजणारा काळा. काळूचा रंग कोणाचा, ते मला दिसत होतंच.

आप्पाला यातलं काही कळवायची गरज नाही. दिवाणाखाली हात त्यानेच घातला होता.