पेनिट्रेशन टेस्ट: भेदन, वेधन की आणखी काही?

प्रश्न असा आहे: दादरच्या एका सोसायटीच्या पुनर्विकासासाठी आलेला माती-अहवाल सभासदांसाठी मराठीत आणायचा आहे. त्यात ‘ग्रॅव्हली सॉइल’मधल्या ‘पेनिट्रेशन टेस्ट’च्या, म्हणजे नळी किंवा शंकू जमिनीत घालून तिचा घट्टपणा जोखण्याच्या पद्धतींची तुलना आहे. ‘खडीयुक्त मातीतील भेदन चाचण्या’ म्हटलं तर चालेल का?

व्याकरणानं चालेल, अर्थानं दोन्ही शब्द अडखळतात.

आधी खडी. भारतीय मानक १४९८ मध्ये ग्रॅव्हल हा निव्वळ आकाराचा वर्ग आहे: ४.७५ ते ८० मिमी. खडा गोल की कोनदार, नदीनं घासलेला की यंत्रानं फोडलेला, याच्याशी त्या वर्गाला देणंघेणं नाही. आपली खडी मात्र फोडलेलीच असते आणि गोटे गुळगुळीतच. ‘रेव’ हा जुना शब्द नेमका आहे, पण मुंबईकराला तो रेतीसारखा ऐकू येतो आणि रेती म्हटलं की मुंब्र्याचं रेतीबंदर. मुरूम तर नकोच. झिजलेल्या खडकाचा तो थर मुंबईच्या अहवालांत वेगळा दाखवलेला असतो. ‘खडेमिश्रित माती’ म्हणावं. साधं आहे आणि फसवत नाही.

आता पेनिट्रेशन. ‘प्रवेश परीक्षा’ म्हटलं तर सभासद सीईटीचा निकाल विचारतील. ‘घुसखोरी चाचणी’ संगणकवाल्यांची. ‘वेधन’ला अडचण अशी की त्याच मुळातलं विंधणं मराठीनं आधीच बोअरला देऊन टाकलंय; विंधणविहीर सगळ्यांना ठाऊक आहे. एसपीटी, म्हणजे नळी ठोकून होणारी ‘स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट’, त्या बोअरच्या तळाशीच होते, म्हणजे ‘विंधणछिद्रातील वेधन’ असा घोळ होणार. भेदणं म्हणजे आरपार जाणं. इथं आरपार कोणीच जात नाही; किती शिरलं आणि त्याला किती ठोके लागले, एवढंच मोजतात. म्हणून मी ‘शिरकाव चाचणी’ सुचवेन. शासकीय कागदाला हवं तर ‘प्रवेशन’, पण ‘प्रवेश’ नको.

हा काथ्याकूट एवढ्यासाठी की खडे लागले की शिरकाव हीच भानगड होते. एसपीटीत ६३.५ किलोचा घण ७५ सेंमीवरून पडतो आणि दुभंग नळी (उभी उघडून आतला मातीचा नमुना काढता येतो अशी) ४५ सेंमी ठोकली जाते. पहिल्या १५ सेंमीचे ठोके सोडून उरलेल्या ३० सेंमीचे ठोके म्हणजे ‘एन’. नळीचं तोंड ३५ मिमीचं. त्यात ४० मिमीचा खडा अडकला की नळीचा खुंटा होतो आणि ठोके उगाच चढतात. समजा नोंद ८, ११, ४६ अशी आहे. एन ५७, कागदावर जमीन एकदम घट्ट. पण शेवटचे १५ सेंमी दर २५ मिमीला मोजले आणि २, २, ३, १२, १४, १३ असे आले, तर खडा कुठं लागला ते दिसतं. आधीच्या ७५ मिमीत ७ ठोके, म्हणजे १५ सेंमीला १४. एन उरतो २५. ही दुरुस्ती करायची तर साइटवर २५ मिमीच्या खुणा करून मोजावं लागतं. नंतर ऑफिसात बसून ती होत नाही.

तोंड बंद करून शंकू लावला की अडकणं टळतं, पण नमुना हातात येत नाही, मग खाली खडे होते की घट्ट वाळू हे कळायचं कसं? भारतीय मानक ४९६८ च्या पहिल्या भागातला ५० मिमीचा शंकू याच जातीचा. तो बोअरशिवाय थेट ठोकतात, म्हणून सळईला मातीचं घर्षण लागून ठोके फुगतात. दुसऱ्या भागात त्यासाठीच बेंटोनाइट या चिकणमातीचा गाळ फिरवतात. चिनी पद्धत दांडगी: १२० किलोचा घण, एक मीटर उंची, ७४ मिमीचा शंकू. एका ठोक्याची ऊर्जा एसपीटीच्या अडीचपट, त्यामुळे एखाद्या खड्यानं आकडा बिथरत नाही. कॅनडातली बेकर चाचणी आणखी पुढची. १६८ मिमीचा बंद पाइप डिझेल घणानं ठोकतात. तिथंही पाइपच्या अंगाचं घर्षण वजा न करता आकडा वापरला की जमीन आहे त्याहून बळकट भासते.

ठोकायच्या चाचण्यांना ‘गतिक’ आणि रेटायच्यांना ‘स्थितिक’ म्हणतात. सभासदांसाठी ‘ठोकून’ आणि ‘रेटून’ पुरे. रेटून केलेली सीपीटी (‘कोन पेनिट्रेशन टेस्ट’), ३५.७ मिमीचा शंकू सेकंदाला २० मिमी, मऊ खाडीच्या चिखलात उत्तम. खड्यांत शंकू तिरका होतो, सळई वाकते.

ठोक्यांच्या आकड्याला ‘घातांक’ मात्र म्हणू नका, तो बीजगणितातला, ‘ठोकसंख्या’ लिहा. आणि ‘रिफ्युजल’चं, म्हणजे ठोकूनही नळी पुढं न सरकण्याचं, भाषांतर ‘खडक लागला’ असं कधीच करू नका. डेब्रिजच्या भरावात जुन्या स्लॅबचा एक तुकडासुद्धा नळी तशीच अडवतो. ‘शिरकाव थांबला’ लिहा. खडक आहे की नाही ते पुढं काढलेली कोअर, म्हणजे ड्रिल करून काढलेला दंडगोल नमुना, सांगेल.