एक्स्पोर्ट केलेले मूल्य पुढे का पोचत नाही? जेनकिन्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सॉफ्टवेअर आपोआप बिल्ड करणाऱ्या जेनकिन्स सर्व्हरवर, पाइपलाइनच्या (क्रमाने चालणाऱ्या स्टेप्सच्या) एका शेल स्टेपमध्ये आवृत्ती क्रमांक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून एक्स्पोर्ट करतो, पण लगेच पुढच्या स्टेपमध्ये तो रिकामा येतो. एन्व्हइन्जेक्ट प्लगइन बसवूनही फरक पडला नाही. काय चुकते आहे?

उत्तर : प्रत्येक शेल स्टेप म्हणजे एजंटवर (जॉब प्रत्यक्ष चालवणाऱ्या मशीनवर) सुरू होणारी वेगळी प्रोसेस. एक्स्पोर्ट केलेले मूल्य ती प्रोसेस आणि तिने सुरू केलेल्या प्रोसेस एवढ्यांनाच दिसते. स्टेप संपली की तेही गेले. हा ऑपरेटिंग सिस्टिमचाच नियम आहे, त्यामुळे कोणतेही प्लगइन बसवून तो बदलत नाही. एन्व्हइन्जेक्ट मुळात फ्रीस्टाइल (स्क्रिप्टऐवजी फॉर्म भरून मांडलेल्या) जॉबसाठी लिहिलेले आहे आणि पाइपलाइनशी त्याचे फारसे जुळत नाही. फक्त यासाठी बसवले असेल तर काढून टाका.

मूल्य शेलमधून काढून जेनकिन्सच्या हाती द्यावे लागते. शेल स्टेपला 'रिटर्नस्टडआउट' हा पर्याय ट्रू करून द्या, आलेल्या मजकुरावर 'ट्रिम' चालवा आणि तो 'एन्व्ह'वर (पाइपलाइनच्या व्हेरिएबलच्या संचावर) ठेवा. ट्रिम राहिले तर शेवटची नवी ओळ मूल्याला चिकटते आणि डॉकर इमेजचा टॅग (आवृत्तीचे नाव) बनवताना बिल्ड पडतो. लॉगमध्ये ती नवी ओळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शोधण्यात वेळ जातो. विंडोजच्या बॅट स्टेपमध्ये तर कमांडची ओळही मजकुरात मिसळते. तिथे स्क्रिप्टच्या आरंभी इको (कमांड छापणे) बंद करा.

मूल्ये चार-पाच असली तर शेलने ती प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहावीत आणि पाइपलाइनने 'रीडप्रॉपर्टीज'ने वाचावीत. ही स्टेप पाइपलाइन युटिलिटी स्टेप्स प्लगइनमध्ये आहे. फाइलमध्ये विंडोजचा पाथ असेल तर बॅकस्लॅश दोनदा लिहा. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये एकटा बॅकस्लॅश गिळला जातो.

प्रश्न : मेव्हन (जावाचे बिल्ड साधन) सापडावे म्हणून ग्लोबल प्रॉपर्टीजमध्ये (सगळ्या एजंटना लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या डिरेक्टरींची यादी) भरला. तेव्हापासून काही एजंटवर गिटसुद्धा सापडत नाही.

उत्तर : तिथे पूर्ण पाथ लिहिला की तो प्रत्येक एजंटच्या स्वतःच्या पाथवर चढतो. लिनक्सचा पाथ विंडोज एजंटला दिला तर दुसरे काय होणार? ती नोंद आजच काढा. त्याऐवजी व्हेरिएबलचे नाव 'पाथ', मग अधिकचे चिन्ह, मग 'मेव्हन' असे ठेवा आणि मूल्य म्हणून फक्त मेव्हनची बिन डिरेक्टरी द्या. अधिकच्या चिन्हामुळे जेनकिन्स ती डिरेक्टरी जुन्या पाथच्या सुरुवातीला जोडतो, जुना पाथ शाबूत राहतो. चिन्हापुढचा शब्द केवळ ओळखीपुरता असतो. हीच पद्धत 'विथएन्व्ह'मध्येही (कंसातल्या स्टेप्सपुरती व्हेरिएबल देणाऱ्या स्टेपमध्ये) चालते. एजंटागणिक डिरेक्टरी वेगळी असेल तर नोंद त्या त्या नोडच्या (एजंटच्या) प्रॉपर्टीजमध्ये करा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एसएसएचने जोडलेला एजंट लॉगिन शेलमधून सुरू होत नाही, म्हणून बॅश प्रोफाइल फाइलमधले पाथ त्याला मिळत नाहीत. स्वतः लॉगिन करून पाहिले की सगळे ठीक दिसते, त्यानेच फसगत होते. खरी स्थिती पाहायची तर जॉबमध्येच 'एन्व्ह' कमांडचे आउटपुट 'सॉर्ट'मधून काढा; विंडोजवर 'सेट' चालवा. मशीनवर बदल केल्यावर एजंट तोडून पुन्हा जोडायला विसरू नका, कारण आधीच चालू असलेल्या प्रोसेसला नवे मूल्य कळत नाही.

प्रश्न : डिक्लेरेटिव्ह (ठरावीक ब्लॉकमध्ये लिहिलेल्या) पाइपलाइनच्या एन्व्हायर्नमेंट ब्लॉकमध्ये 'डिप्लॉय' फॉल्स ठेवले आणि स्क्रिप्टमधून ट्रू केले. मूल्य बदलत नाही आणि एररही येत नाही.

उत्तर : एन्व्हायर्नमेंट ब्लॉकमधले मूल्य 'एन्व्ह'वर नेमणूक करून बदलता येत नाही; 'विथएन्व्ह'ने मात्र त्याच्या कंसापुरते झाकता येते. बदलणारे मूल्य त्या ब्लॉकमध्ये ठेवूच नका. शिवाय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नेहमी मजकूर असते. 'फॉल्स' हा रिकामा नसलेला मजकूर ग्रूव्हीच्या (पाइपलाइन जिच्यात लिहितात त्या भाषेच्या) 'इफ'मध्ये खरा ठरतो, म्हणजे नको असलेला डिप्लॉय होऊन बसेल. तुलना स्पष्टपणे 'ट्रू' या मजकुराशी करा. पॅरलल (एकाच वेळी चालणाऱ्या) शाखांमध्येही 'विथएन्व्ह'च वापरा. 'एन्व्ह' सगळ्या शाखांचे एकच असते आणि एकीचे मूल्य दुसरी पुसते.

प्रश्न : 'विथक्रेडेन्शियल्स'मधला (साठवलेली गुपिते देणाऱ्या स्टेपमधला) पासवर्ड शेलला देताना जेनकिन्स इशारा देतो. दुर्लक्ष करावे का?

उत्तर : मुळीच नको. दुहेरी अवतरणात ग्रूव्ही पासवर्ड आधीच कमांडमध्ये भरतो, त्यामुळे तो एजंटच्या प्रोसेस यादीत उघडा दिसू शकतो. एकेरी अवतरण वापरा, म्हणजे शेल तो स्वतःच्या एन्व्हायर्नमेंटमधून घेईल. लॉगमध्ये पासवर्डच्या जागी येणाऱ्या चांदण्यांवर विसंबू नका: पासवर्ड बेस६४ या सांकेतिक रूपात बदलून छापला तर जेनकिन्सला तो ओळखता येईलच असे नाही.

प्रश्न : एका जॉबने दुसऱ्याला पाठवलेला पॅरामीटर तिथे दिसत नाही.

उत्तर : मे २०१६च्या सुरक्षा सुधारणेपासून, घेणाऱ्या जॉबमध्ये जाहीर न केलेले पॅरामीटर जेनकिन्स बिल्डच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये येऊ देत नाही. त्याच नावाचा पॅरामीटर त्या जॉबमध्ये जाहीर करा. ही तपासणी बंद करणारी सिस्टिम प्रॉपर्टी आहे, पण ती लावली तर बिल्ड सुरू करू शकणारा कोणीही 'पाथ'सारखे व्हेरिएबल बाहेरून बदलू शकतो.